अयाक्सला हरवणारी शाळा

लात्व्हियात खेळ म्हटला की पहिलं नाव आइस हॉकीचं, दुसरं बास्केटबॉलचं. फुटबॉलचा नंबर त्यानंतर. मे २०२३मध्ये देशाच्या हॉकी संघाने जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं, तेव्हा संसदेने मध्यरात्री बैठक भरवून दुसऱ्या दिवशी सुट्टी जाहीर केली. अशा देशात मी फुटबॉल बघायला येतोय म्हटल्यावर रीगात शिकणारा माझा भाचा फोनवरच हसला. "मामा, हॉकीचं तिकीट हवं असतं तर वशिला शोधावा लागला असता. फुटबॉलचं दारातच मिळतं. उलट दारावरच्या माणसाला बरं वाटतं."

मला मात्र फुटबॉलच बघायचं होतं. त्याला कारण २३ जानेवारी २०२५ची रात्र. युरोपा लीगमध्ये रीगाच्या आरएफएस या क्लबने अॅमस्टरडॅमच्या अयाक्सला १-०ने हरवलं. चार वेळा युरोपचा विजेता झालेला अयाक्स एकीकडे. दुसरीकडे १९ लाखांच्या आतबाहेर वस्तीच्या देशातला असा क्लब, की जो २०१६पासूनच देशातल्या वरच्या लीगमध्ये सलग खेळतोय. हा क्लब एवढा वर आला कसा, आणि आला तर राहणार का, हे बघायला मी जुलैमध्ये रीगात उतरलो.

विमानतळावरून २२ नंबरची बस थेट शहरात येते. दाउगाव्हा नदी ओलांडताना उजव्या हाताला झेपेलिन वायुनौकांच्या हँगरमधून उभा केलेला मोठा बाजार दिसतो, डावीकडे जुन्या रीगाचे चर्चचे मनोरे. प्रवासी इथपर्यंत येतात, मग अल्बर्टा रस्त्यावरच्या नक्षीदार इमारतींचे फोटो काढतात आणि परततात. आपण त्याच रस्त्याने थोडं पुढं चालत राहायचं. दहा-पंधरा मिनिटांत स्कोन्टो स्टेडियम लागतं. लोकगीतं गोळा करणाऱ्या एमिलिस मेल्नगाइलिस या संगीतकाराच्या नावाच्या रस्त्यावर. शेजारच्या स्कोन्टो हॉलमध्ये २००३ साली युरोव्हिजन गाण्यांची स्पर्धा भरली होती.

लात्व्हियाच्या फुटबॉलची गोष्ट सांगायची तर सुरुवात इथूनच करावी लागते. १९९१ साली सोव्हिएत संघातून देश मोकळा झाला आणि त्याच वर्षी स्कोन्टो हा क्लब विजेता झाला. मग १९९२, १९९३, १९९४... २००४पर्यंत सलग चौदा वेळा. चौदा वर्षं देशात दुसरा विजेताच नाही. १९९७मध्ये चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत हा संघ बार्सिलोनात जाऊन खेळला आणि ३-२ असा निसटता हरला. मारियान पाहार्स आणि इमान्त्स ब्लेइदेलिस इथून साउदॅम्प्टनला गेले, इगोर्स स्टेपानोव्स आर्सेनलला, मारिस व्हेरपाकोव्हस्किस कीव्हच्या डायनॅमोला. प्रशिक्षक अलेक्सांद्र्स स्टार्कोव्स क्लबही सांभाळायचे आणि देशाचा संघही.

त्या दोन्ही नोकऱ्यांचं चीज १५ नोव्हेंबर २००३ला याच मैदानावर झालं. युरो २००४साठीच्या प्ले-ऑफमध्ये समोर तुर्कस्तान होता, आदल्याच वर्षी विश्वचषकात तिसरा आलेला. व्हेरपाकोव्हस्किसने गोल केला, लात्व्हिया १-०ने जिंकला. चार दिवसांनी इस्तंबूलमध्ये २-२ बरोबरी झाली आणि एवढासा देश पोर्तुगालला पोहोचला. तिथं जर्मनीला ०-०वर रोखलं. बाल्टिक देशांपैकी युरोच्या मुख्य स्पर्धेत खेळलेला तो आजवरचा एकमेव संघ.

मी गेलो तेव्हा स्टेडियम शांत होतं. गेटवर जो क्लब दिसतो तो स्कोन्टो नव्हे. हल्ली इथं रीगा एफसी खेळतो. स्कोन्टोचं काय झालं? २००५मध्ये मालिका तुटली. २०१०मध्ये आणखी एक विजेतेपद मिळालं, पंधरावं आणि शेवटचं. मग देणी साचत गेली. २०१५मध्ये संघ दुसरा आला खरा, पण आर्थिक कारणांनी त्याला पुढच्या मोसमाचा परवाना नाकारण्यात आला. एक वर्ष खालच्या विभागात काढून २०१६च्या अखेरीस क्लब दिवाळखोरीत निघाला. चौदा वर्षं राज्य केलेल्या संघाचं नाव आज फक्त स्टेडियमला उरलंय.

एकटा स्कोन्टोच बुडाला असता तर म्हणता आलं असतं, नशीब त्यांचं. पण यादी मोठी आहे. स्कोन्टोची मालिका तोडली ती लिएपायाच्या मेटालुर्ग्सने. तो पोलाद कारखान्याचा संघ. २०१३मध्ये कारखाना बसला, संघही बसला. व्हेंट्सपिल्स हा २००९मध्ये युरोपा लीगच्या गटात पोहोचलेला पहिला लात्व्हियन क्लब. २०२१मध्ये युएफा या युरोपच्या फुटबॉल संघटनेने त्याच्यावर सामन्याच्या निकालात ढवळाढवळ केल्याच्या प्रकरणात सात वर्षांची युरोपबंदी घातली आणि त्याच वर्षी क्लबने खेळणंच थांबवलं. २०१२चा विजेता दाउगाव्हपिल्सचा दाउगाव्हा, तोही काही वर्षांत गेला. या देशात विजेता होणं म्हणजे धोक्याचीच घंटा वाटावी, असा हा इतिहास.

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला हे पचायला जड जातं. पाटाकडील काय, दिलबहार काय, खंडोबा काय, आमच्या तालमींचे संघ हरतात, भांडतात, वर्षानुवर्षं करंडकाचं तोंड बघत नाहीत. पण बंद पडत नाहीत. त्यांच्यामागं पेठ उभी असते. रीगात संघामागं कंपनी किंवा धनिक उभा असतो. त्याने हात काढला की संघ कोसळतो. मग आरएफएसचं वेगळं काय?

ते बघायला शहराच्या दुसऱ्या अंगाला, ग्रिझिन्याकाल्न्समध्ये जावं लागतं. ही कामगारांची जुनी वस्ती. अलेक्सांद्र्स चाक्स या कवीच्या नावाच्या लांबलचक रस्त्याने जाताना दगडी नक्षी मागं पडते आणि दोन मजली लाकडी घरं लागतात. काहींना नवा रंग दिलेला, काहींच्या फळ्या पावसाने काळ्या पडलेल्या. टोकाला दाउगाव्हा स्टेडियम. १९५८ साली सोव्हिएत काळात बांधलेलं, अलीकडे नव्याने उभं केलेलं, दहा हजारांवर लोक बसतील एवढं. दर पाच वर्षांनी भरणाऱ्या लात्व्हियाच्या गीत-नृत्य महोत्सवात हजारो नर्तक याच मैदानावर फेर धरतात. १८७३ साली सुरू झालेला हा महोत्सव २०२३मध्ये दीडशे वर्षांचा झाला. लात्व्हियन माणूस या स्टेडियमची वाट फुटबॉलसाठी कमी आणि नाचासाठी जास्त तुडवतो, असं म्हणायला हरकत नाही.

युरोपातले मोठे सामने आरएफएस इथंच खेळतो. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये इस्तंबूलच्या गॅलातासरायशी २-२ बरोबरी इथलीच. नोव्हेंबरात बेल्जियमच्या आंडरलेख्टशी १-१, तीही इथंच. आणि मग जानेवारीतला अयाक्स. त्या सामन्याची गंमत नुसत्या गुणफलकावरून कळत नाही. लात्व्हियाची लीग मार्चमध्ये सुरू होते आणि नोव्हेंबरात संपते. पुढं थंडी, बर्फ आणि सुट्टी. म्हणजे अयाक्स ऐन मोसमात, दर तीन-चार दिवसांनी एक सामना खेळत आलेला. आणि आरएफएसचे खेळाडू डिसेंबरच्या मध्यापासून एकही अधिकृत सामना न खेळलेले. अशा अवस्थेत ७८व्या मिनिटाला अडाम मार्खियेव्हने गोल केला आणि उरलेला वेळ संघाने तो जपला. युरोपा लीगच्या मुख्य फेरीतला आरएफएसचा हा पहिलाच विजय.

क्लबचं पूर्ण नाव रीगास फुटबोला स्कोला, म्हणजे रीगाची फुटबॉल शाळा. नावातली शाळा शोभेची नाही. सोव्हिएत काळात प्रत्येक मोठ्या शहरात मुलांच्या क्रीडाशाळा असायच्या, त्या परंपरेतली ही एक. मुलंमुली लहान वयात येतात, वयोगटांनुसार संघ पडतात, वर्षभर सराव चालतो. मुलींच्या फुटबॉलमध्ये तर पुरुषांच्या आधीच या नावाचा दबदबा होता. महिलांची लीग आरएफएसने अनेकदा जिंकली आहे. पुरुषांचा संघ मात्र नावं बदलत, खालीवर होत राहिला. एलएनके या बांधकाम क्षेत्रातल्या उद्योगसमूहाने हात दिला आणि चित्र पालटलं. २०१९मध्ये लात्व्हियन कप, २०२१मध्ये पहिलं लीग विजेतेपद, मग २०२३ आणि २०२४मध्येही विजेते. संघ घडवला तो विक्टोर्स मोरोज्स या प्रशिक्षकाने. ते स्वतः स्कोन्टोकडून खेळलेले. क्लबच्या व्यवस्थापनात कोण, तर तुर्कस्तानविरुद्ध गोल करणारा तोच व्हेरपाकोव्हस्किस. बुडालेल्या जहाजाची जाणती माणसं या नव्या जहाजावर चढली आहेत.

रोजचे लीग सामने क्लब एलएनके स्पोर्टा पार्क नावाच्या छोट्या मैदानावर खेळतो. भाच्याचं म्हणणं खरं निघालं: तिकीट दारात मिळालं, रांग नव्हती. जुलैतला रीगाचा उन्हाळा असा की रात्री दहापर्यंत ऊन रेंगाळतं, त्यामुळं संध्याकाळचा सामना असूनही दिव्यांची गरज वाटत नव्हती. एका बाजूला बैठकीचा स्टँड, बाकी मोकळं. मैदान कृत्रिम हिरवळीचं, कारण इथल्या हवामानात खरं गवत मार्चमध्ये जागंही झालेलं नसतं. अशा मैदानात हिरव्या पात्यांच्या मुळाशी काळे रबराचे बारीक कण भरलेले असतात. चेंडू आपटला की ते कण चहाच्या पुडीसारखे उडतात. वॉर्म-अप करून परतणारा गोलकीपर माझ्यापासून हातभर अंतरावर थांबला, बूट काढून त्याने पालथा केला, मूठभर काळी भुकटी खाली सांडली, मोजा झटकला आणि पुन्हा बूट चढवला. हे तो रोजच करत असणार. शेजारी उभी असलेली अकादमीची मुलं, क्लबचीच जर्सी घातलेली, त्याच्याकडे टक लावून बघत होती. चेंडू आणून द्यायचं काम त्यांच्याकडे.

प्रेक्षक काही शे. घोषणा लात्व्हियनमध्ये, शिव्या आणि सल्ले लात्व्हियन आणि रशियन दोन्हींत. रीगात रशियन बोलणारी वस्ती मोठी आहे आणि एरवी राजकारणात या दोन भाषांचं फार पटत नाही. मात्र ऑफसाइडच्या निर्णयावर दोघांचं लगेच एकमत होतं. मैदानावर तर भाषांचा आणखीच बाजार. मधल्या फळीत यानिस इकाउनिएक्स हा देशातला नावाजलेला खेळाडू, त्याच्याभोवती सर्बिया, आयव्हरी कोस्ट, ब्राझील अशा दूरदूरच्या देशांतून आलेली पोरं. मध्यंतरात लोक क्वास पीत होते, म्हणजे राईच्या पावापासून आंबवून केलेलं गोडसर तपकिरी पेय. सोबत तेलात तळून लसूण चोळलेले काळ्या पावाचे तुकडे. लसणाचा तो वास नाकात गेल्यावर मी आणखी एक पुडा घेतला.

सामना संपल्यावर भाचा म्हणाला, "एवढ्या गर्दीवर क्लब चालतो कसा, मामा?" उत्तर सोपं आहे: या गर्दीवर चालतच नाही. लात्व्हियातल्या क्लबचं वर्षाचं गणित मांडलं जातं ते जुलै आणि ऑगस्टमधल्या मोजक्या रात्रींत, युरोपच्या पात्रता फेऱ्यांमध्ये. देशाचा विजेता चॅम्पियन्स लीगच्या पहिल्या पात्रता फेरीत उतरतो. तिथं किंवा पुढं हरला तरी लगेच बाहेर पडत नाही. खालच्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत जातो. हा आधार फक्त विजेत्यांना असा मिळतो, दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाला नाही. म्हणून छोट्या देशात पहिलं येणं आणि दुसरं येणं यात पैशाने जमीन-अस्मानाचं अंतर पडतं.

२०२४चा उन्हाळा घ्या. आरएफएसने उत्तर आयर्लंडच्या लार्नला सहज हरवलं. मग नॉर्वेच्या बोडो-ग्लिम्टने त्यांना धुतलं. पण घसरून ते युरोपा लीगच्या फेरीत आले, तिथं अँडोराचा सांता कोलोमा समोर आला, तो पार केला; शेवटी सायप्रसचा अपोएल, त्याला पेनल्टींवर. एवढं झाल्यावर मुख्य फेरी. आणि मुख्य फेरीत नुसतं पाऊल टाकण्याचे ४३.१ लाख युरो मिळतात, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ३९ कोटी रुपये. प्रत्येक विजयाचे साडेचार लाख युरो, बरोबरीचे दीड लाख. दारावर तिकीट विकून एवढी रक्कम जमवायची तर या क्लबला कित्येक पिढ्या लागतील.

दुसरी कमाई खेळाडू विकण्याची, आणि दोन्ही कमाया एकमेकींत अडकलेल्या. २०२२मध्ये बेलफास्टच्या लिनफिल्डला पेनल्टींवर हरवून आरएफएस कॉन्फरन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या तिसऱ्या पातळीच्या स्पर्धेच्या गटात पोहोचला. पहिलाच सामना फ्लॉरेन्समध्ये फिओरेन्टिनाशी, जो त्या वर्षी पुढं अंतिम सामन्यापर्यंत गेला. त्यांच्याच मैदानावर आरएफएसने १-१ बरोबरी साधली. गोल आंद्रेय इलिच या सर्बियन तरुणाचा. तो इथून नॉर्वेला गेला, तिथून फ्रान्सच्या लीलला, मग बर्लिनच्या युनियनकडे. गुणवान पण कुणाच्या नजरेत न आलेला खेळाडू हेरायचा, युरोपच्या दिव्यांखाली उभा करायचा आणि पुढच्या पेठेत धाडायचा. पूर्वी स्कोन्टोनेही हेच केलं होतं, फक्त आता माल बाहेरूनही येतो.

एक दिवस काढून व्हाल्मिएराला गेलो. रीगाहून आगगाडी ईशान्येकडे निघते. सिगुल्डा आणि सेसिसवरून, पाइन आणि बर्चच्या रानांतून, दोनेक तासांत तिथं पोहोचते. गाउया नदीकाठचं वीस-पंचवीस हजार वस्तीचं टुमदार गाव. जुनं चर्च, पडका किल्ला, नाट्यगृह. ऑलिंपिकमध्ये दोनदा सुवर्ण जिंकणारा बीएमएक्स सायकलपटू मारिस श्ट्रोम्बेर्ग्स इथलाच. आणि गावचं स्टेडियम यानिस दालिन्शच्या नावाचं. हा चालण्याच्या शर्यतीतला खेळाडू. १९३२ साली लॉस एंजेलिसमध्ये ५० किलोमीटर चालून त्याने रौप्य मिळवलं, ते लात्व्हियाचं पहिलं ऑलिंपिक पदक.

या मैदानावरून २०२२मध्ये व्हाल्मिएरा एफसी देशाचा विजेता झाला. आरएफएस आणि रीगा एफसी या राजधानीतल्या दोन्ही धनवान क्लबांना मागं टाकून. छोट्या गावाने केलेली ती कमाल होती. २०२५च्या मोसमात हा क्लब लीगमध्ये नव्हता. आर्थिक अडचणींमुळे त्याला परवानाच मिळाला नाही. मी गेलो तेव्हा ट्रॅकवर तिघं-चौघं धावत होते, मधल्या गवताला पाणी दिलं जात होतं. मैदानाची निगा उत्तम होती. विजेतेपद मिळाल्यापासून तीन वर्षांत मैदान आहे तिथंच आहे आणि त्यावर खेळणारा संघ वरच्या लीगमधून नाहीसा झाला आहे.

मी परतल्यावर आरएफएसचाही उन्हाळा उलटा फिरला. एस्टोनियाच्या लेव्हाडियाला त्यांनी हरवलं, पण नंतर स्वीडनच्या माल्मोने, मग फिनलंडच्या कुओपिओने त्यांना एकेक पायरी खाली ढकललं. शेवटच्या पायरीवर माल्टाचा हामरुन स्पार्टन्स भेटला आणि त्यानेही हरवलं. हामरुन हा युरोपच्या मुख्य फेरीत पोहोचणारा माल्टाचा पहिला क्लब ठरला. आदल्या वर्षी आरएफएसने जी शिडी चढली, तीच आता दुसऱ्या छोट्या देशाच्या क्लबाला मिळाली. शरद ऋतूत लीगही रीगा एफसीने जिंकली. म्हणजे २०२६च्या उन्हाळ्यात विजेत्यांना मिळणारा तो दुसऱ्या-तिसऱ्या संधीचा आधार आरएफएसला नाही.

अयाक्सला हरवणं ही चढाईची उंची होती. क्लबची परीक्षा आता सुरू होते. युरोपचे पैसे नसलेलं वर्ष आलं की लात्व्हियात मालक कंटाळतात, देणी साचतात, परवाने जातात, हे स्कोन्टोपासून व्हाल्मिएरापर्यंत अनेकांचं झालं. आरएफएसकडे भरवशाची एक गोष्ट आहे: शेकडो मुलामुलींची शाळा, आणि त्यांना रोज मैदानावर सोडायला येणारे आईबाप. पेठ तयार होते ती अशीच, हळूहळू. उद्या एलएनकेने हात आखडता घेतला, तर या घरांना आपला क्लब आपला वाटेल इतकं नातं तोवर जुळलेलं असलं पाहिजे. तसं झालं, तर लात्व्हियात एखादा विजेता पैसा आटल्यानंतरही उभा राहील. नाही झालं, तर रीगातल्या आणखी एका मैदानाला नाव जुन्या संघाचं आणि खेळ नव्या संघाचा, एवढंच उरेल.

जाणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. जुलैचा दुसरा-तिसरा आठवडा निवडा, युरोपचे पात्रता सामने तेव्हा सुरू होतात. जाडसर जाकीट घ्या. ऊन रात्री दहापर्यंत असलं तरी वारा बाल्टिक समुद्रावरून येतो. आणि तिकिटाची काळजी करू नका, अजून तरी ते दारातच मिळतं.